वाळूखालचं चित्र : थरच्या वाळवंटात भूकंपीय सर्वेक्षण इतकं अवघड का?



आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवर काय दडलंय, हे न खणता कसं कळतं? आणि तेच काम वाळवंटात करायला गेलं की घोडं नेमकं कुठे अडतं? आपण राजस्थानातल्या थरच्या वाळवंटाचं उदाहरण घेणार आहोत. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. उरलेलं जे देशात निघतं, त्यातला मोठा वाटा बाडमेरच्या जमिनीतून आलेला आहे. त्यामुळे हा विषय आडवाटेचा असला तरी आपल्या खिशापासून फार लांब नाही.

गणित थोडंसं येईल. पण गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर जास्त मजा येईल.

कल्पना साधी आहे

खोल विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली की थोड्या वेळाने तिचा प्रतिध्वनी येतो. हाक आणि प्रतिध्वनी यांच्यात किती वेळ गेला हे मोजलं आणि आवाजाचा वेग माहीत असला, तर विहीर किती खोल आहे ते सांगता येतं. भूकंपीय सर्वेक्षणाची, म्हणजे ज्याला तेलवाले ‘सेस्मिक’ म्हणतात त्याची, कल्पना एवढीच आहे.

जमिनीवर एक धक्का द्यायचा. त्याच्या लहरी खाली जातात. एका प्रकारचा खडक संपून दुसरा सुरू होतो तिथून लहरीचा थोडा भाग परत फिरतो. बाकीचा आणखी खाली जातो, पुढच्या थरावर आपटतो, तिथून पुन्हा थोडा परततो. वर जमिनीत रोवलेली जिओफोन नावाची छोटी उपकरणं हे परतलेले धक्के टिपतात. जिओफोनमध्ये एक चुंबक आणि स्प्रिंगवर टांगलेलं तारेचं वेटोळं असतं. जमीन हलली की चुंबक हलतं, वेटोळं मागे राहतं आणि बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. तो नोंदवायचा.

समजा एखादा थर २,५०० मीटर खोल आहे आणि लहर सरासरी सेकंदाला २,५०० मीटर वेगाने जाते. जायला १ सेकंद, यायला १ सेकंद. म्हणजे २ सेकंदांनी प्रतिध्वनी. अशा हजारो जागांवरच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या की जमिनीचा उभा छेद डोळ्यांसमोर येतो. केकचा तुकडा कापल्यावर थर दिसतात ना, तसा.

या चित्रात शोधायचं काय? तर खडकांच्या थरांनी केलेला घुमट, पालथ्या घातलेल्या वाटीसारखा. तेल आणि वायू पाण्यापेक्षा हलके. ते सच्छिद्र खडकातून वर सरकत जातात आणि वर घट्ट खडकाचं झाकण असेल तर अशा घुमटाखाली अडकून बसतात. कधी तुटलेल्या, सरकलेल्या थरांच्या कडेलाही अडकतात. म्हणजे विहीर कुठे खणायची याचा निर्णय ‘थर कुठे वर आलाय’ या एका गोष्टीवर बराचसा अवलंबून असतो. हे लक्षात ठेवा, कारण वाळवंट नेमकं इथेच फसवतं.

उपग्रहातून दिसत नाही का?

हा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. उपग्रहाला जमिनीचा पृष्ठभाग उत्तम दिसतो. रडार असलेले उपग्रह अगदी कोरड्या वाळूत फार तर काही मीटर खाली डोकावू शकतात. पण आपल्याला बघायचंय हजारो मीटर खाली. गुरुत्वाकर्षणातले आणि चुंबकत्वातले बारीक फरक मोजून ‘इथे खाली गाळाचं मोठं खोरं असावं’ इतपत अंदाज बांधता येतो. त्या अंदाजावर जिल्हा निवडता येईल, विहिरीची जागा नाही. जागा ठरवायची तर धक्का देऊन प्रतिध्वनी ऐकण्याला आजही पर्याय नाही.

थर म्हणजे काय प्रकरण आहे

थरचं वाळवंट सुमारे २ लाख चौरस किलोमीटरचं. त्याचा मोठा भाग राजस्थानात, उरलेला हरयाणा, पंजाब, गुजरात आणि पलीकडे सिंधमध्ये. जैसलमेरला वर्षभरात २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यातल्या एका चांगल्या दिवसात तेवढा पडून जातो.

सगळीकडे वाळूच्या टेकड्या आहेत असं मात्र नाही. कुठे उघडा खडक, कुठे मुरमाड सपाटी, कुठे खारवट जमीन, आणि त्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचे पट्टे. तिथले लोक या टेकड्यांना ‘धोरा’ किंवा ‘टिब्बा’ म्हणतात. काही धोरे दहा-पंधरा मीटरचे, काही चाळीस मीटर आणि त्याहून उंच. वाऱ्याकडची बाजू उताराची, चढता येईल अशी. आडोशाची बाजू तीव्र, ३२ ते ३४ अंशांची. सुटी वाळू याहून जास्त उभी राहूच शकत नाही, ती घसरते.

भूशास्त्राच्या दृष्टीने या वाळूखाली तीन महत्त्वाची खोरी आहेत : जैसलमेर, बाडमेर आणि बिकानेर-नागौर. वाळू ही त्यांच्यावर पसरलेली शेवटची आणि वयाने अगदी तरुण चादर. चादर पातळ आहे, पण खालच्याला झाकायला पुरेशी आहे.

पहिली अडचण : वाळू आवाज गिळते

टणक ओट्यावर हातोडी मारली तर हादरा पार दुसऱ्या टोकाला जाणवतो. तीच हातोडी कापसाच्या गादीवर मारा. धप्प असा आवाज होतो आणि संपतं. सुटी कोरडी वाळू ही लहरींच्या दृष्टीने गादी आहे.

खडकात कण एकमेकांना चिकटलेले असतात. सुट्या वाळूत कण नुसते एकमेकांवर टेकलेले असतात आणि मधल्या फटींत हवा. लहर आली की कण एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणात ऊर्जा खर्च होते. त्यातही जलद कंपनं, म्हणजे बारीक लहरी, आधी मरतात आणि संथ कंपनं टिकतात.

याने काय बिघडतं? लहर जितकी बारीक, तितकं चित्र बारकाव्याचं. खडकात लहरीचा वेग सेकंदाला ३,००० मीटर धरू. सेकंदाला ६० कंपनांची लहर असेल तर तिची लांबी ५० मीटर. साधारण नियम असा की लांबीच्या चौथ्या भागाइतका जाड थर ओळखता येतो, म्हणजे साडेबारा मीटर. वाळूने वरची कंपनं गिळली आणि हाती फक्त २० कंपनांची लहर उरली, तर लांबी १५० मीटर आणि ओळखू येणारी जाडी साडेसदतीस मीटर. वीस मीटर जाडीचा तेलाचा थर असेल तर पहिल्या चित्रात तो वेगळा दिसेल, दुसऱ्या चित्रात शेजारच्या थरांत मिसळून जाईल. चष्मा काढून वर्तमानपत्र वाचण्यातला प्रकार. अक्षरं आहेत हे कळतं, कोणती ते कळत नाही.

आणि हा मार लहरीला दोनदा बसतो. जाताना एकदा, येताना एकदा.

दुसरी अडचण : वाळू वेळ खाते

आजच्या भागाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

सुट्या, कोरड्या वाळूत लहरीचा वेग किती असतो? सेकंदाला ३०० ते ६०० मीटर. हवेतल्या आवाजाचा वेग ३४० मीटरच्या आसपास असतो. म्हणजे धोऱ्याच्या माथ्याजवळची वाळू ही वेगाच्या बाबतीत हवेच्याच पंक्तीतली. खालच्या खडकात मात्र हाच वेग २,००० ते ५,००० मीटर.

आता ४० मीटर उंचीचा एक धोरा घ्या आणि त्यातल्या वाळूचा सरासरी वेग ५०० मीटर धरा. धोरा ओलांडायला लहरीला लागतील ४० भागिले ५००, म्हणजे ०.०८ सेकंद. धक्का देणारं यंत्रही धोऱ्यावर आणि जिओफोनही धोऱ्यावर असेल, तर जाताना-येताना मिळून ०.१६ सेकंदांचा उशीर. ‘एवढंसं!’ असं वाटेल. पण खालच्या खडकात वेग ३,००० मीटर आहे. तिथे ०.१६ सेकंद म्हणजे, जाणं-येणं धरून निम्मं केलं तरी, २४० मीटर.

म्हणजे खाली अगदी सपाट, टेबलासारखा थर आहे, आणि चित्रात तो धोऱ्याखाली २४० मीटर खचलेला दिसतोय. शेजारच्या सपाटीवर, दोन धोऱ्यांच्या मधल्या भागात, लहरीला उशीर होत नाही. तिथे तो थर त्याच्या खऱ्या जागी दिसतो. आता दोन्ही बाजूंना खचलेला आणि मध्ये वर असा आकार कसा दिसेल? घुमटासारखा! ज्या घुमटाच्या शोधात आपण निघालो होतो, हुबेहूब तसा. फक्त तो जमिनीखाली नाहीच. तो वाळूने कागदावर काढलेला आहे.

अशा घुमटावर विश्वास ठेवून विहीर खणली तर कोट्यवधी रुपये खर्चून कोरडं भोक हाती येतं. उलटंही होतं. खरा घुमट नेमका मोठ्या धोऱ्याखाली असेल, तर वाळूचा उशीर त्याला दाबून सपाट करतो आणि खाली तेल असूनही नकाशावर काहीच दिसत नाही. कोरड्या विहिरीचा निदान हिशोब लागतो. न दिसलेल्या तेलाचा हिशोब कोणी मांडत नाही, कारण ते चुकलं हेच कुणाला कळत नाही.

मग उशीर वजा का करत नाहीत?

करतात. वाळवंटातलं निम्मं कौशल्य त्या वजाबाकीतच आहे. प्रत्येक जागेवर वाळूमुळे किती उशीर झाला ते काढायचं आणि नोंदीतून तेवढा वेळ कमी करायचा. पण वजा किती करायचं हे कळायला वाळूची जाडी आणि तिच्यातला वेग, दोन्ही माहीत हवेत. आणि वेग एकसारखा नसतो.

माथ्यावरची वाळू भुसभुशीत, म्हणून मंद. जसजसं खाली जावं तसतसं वरच्या वाळूचं वजन कणांना दाबत जातं, कण घट्ट टेकतात आणि वेग वाढतो. ओलावा असेल तर आणखी फरक. भूजलाची पातळी लागली की वेग एकदम दीड हजार मीटरच्या वर उडी मारतो, कारण फटींत हवेऐवजी पाणी आलेलं असतं.

समजा आपण वरच्या धोऱ्यासाठी ५०० ऐवजी ४०० मीटर वेग धरला. मग उशीर निघेल ०.१ सेकंद, प्रत्यक्षात आहे ०.०८. दोन्ही वेळचा मिळून ०.०४ सेकंद आपण जास्त वजा केला. चित्रातला थर आता धोऱ्याखाली ६० मीटर वर उचललेला दिसेल. बघा, आधी खोटा खड्डा होता, तो बुजवायच्या नादात आपण खोटा घुमट उभा केला! रोगापेक्षा औषध भारी पडणं म्हणतात ते हेच.

यावर तीन उपाय वापरतात, आणि शक्यतो तिन्ही एकत्र.

पहिला, भोक पाडून मोजणं. वाळूतून खालच्या घट्ट थरापर्यंत एक भोक पाडतात. त्यात वेगवेगळ्या खोलीवर छोटे स्फोट करून लहर वर यायला किती वेळ लागतो ते मोजतात. त्यावरून कोणत्या खोलीला कोणता वेग हे थेट कळतं. अचूक, पण महाग. त्यामुळे अशी भोकं ठरावीक अंतरांवरच पाडता येतात.

दुसरा, वाळूचा आलेख. एका प्रदेशातली वाळू वाऱ्याने चाळून-चाळून बऱ्यापैकी एकसारखी केलेली असते. म्हणून अनेक भोकांतल्या मोजणीवरून ‘इतकी जाडी असेल तर इतका उशीर’ असा एक वक्र तयार करता येतो. धोऱ्याची उंची मोजायची, आलेखात बघायचं आणि उशीर वाचायचा. अरबस्तानातल्या रुब अल खाली या अफाट वाळवंटात, जिथे धोरे दोनशे मीटरच्याही वर जातात, तिथे ही पद्धत फार उपयोगी पडली. मात्र एका वाळवंटाचा आलेख दुसऱ्याला चालत नाही.

तिसरा, सगळ्यात आधी पोहोचणाऱ्या लहरीचा अभ्यास. काही लहरी वाळूतून खाली जाऊन पहिल्या टणक थराच्या पाठीवरून वेगाने धावतात आणि पुन्हा वर येतात. हमरस्ता लांबून जात असला तरी त्यावरून गेलेला माणूस आधी पोहोचतो, तसं. या लहरींच्या वेळेवरून वाळूची जाडी प्रत्येक जिओफोनखाली काढता येते. अडचण एवढीच की वाळूने गिळल्यामुळे ही पहिली लहरही कधी-कधी इतकी क्षीण असते की ती नेमकी कधी आली हेच ठरवता येत नाही.

तिसरी अडचण : आडवा गोंधळ

धक्का दिला की सगळी ऊर्जा खाली जात नाही. मोठा भाग पृष्ठभागावरून आडवा पसरतो. पाण्यात दगड टाकल्यावर वर्तुळं पसरतात तसा. ही आडवी लहर संथ, पण ताकदवान. वाळूत तिचा वेग ३०० मीटर धरा. ६०० मीटरवरच्या जिओफोनला ती २ सेकंदांनी गाठेल. मघाशी २,५०० मीटर खोलीवरच्या थराचा प्रतिध्वनी किती वेळाने आला होता? तोही २ सेकंदांनी! दोघं एकाच क्षणी दारात हजर. एक ढोल वाजवतोय आणि दुसरा कानात कुजबुजतोय. आपल्याला कुजबुज ऐकायची आहे.

यावर जुनी युक्ती अशी : एका जिओफोनऐवजी बारा-पंधरा जिओफोन ओळीने लावायचे आणि त्यांची बेरीज करायची. आडवी लहर ओळीतून सरकत जाते, त्यामुळे काही जिओफोन तिच्या माथ्यावर तर काही खळग्यात असतात आणि बेरजेत ती बरीचशी पुसली जाते. खालून येणारा प्रतिध्वनी मात्र सगळ्यांना एकदमच खालून उचलतो, त्यामुळे बेरजेत तो वाढतो. सुंदर युक्ती आहे.

फक्त ती सपाटीवर चालते. धोऱ्याच्या दहा अंशांच्या उतारावर ३० मीटरची ओळ लावली तर पहिल्या आणि शेवटच्या जिओफोनच्या उंचीत ५ मीटरचा फरक पडतो. ५ मीटर वाळू म्हणजे ०.०१ सेकंद. सेकंदाला ५० कंपनांच्या लहरीसाठी हा बरोबर अर्धा फेरा. एकाचा माथा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो. गोंधळ पुसायला केलेली बेरीज आता कुजबुजच पुसून टाकते. म्हणून धोऱ्यावर ओळ उताराला आडवी, एकाच उंचीवरून लावतात किंवा ओळ आखूड करतात. अलीकडे ओळीचा नाद सोडून एकेक सुटा जिओफोन लावतात आणि प्रत्येकाचा उशीर वेगळा दुरुस्त करून मग संगणकात बेरीज करतात.

यात भर वाऱ्याची. वारा सुटला की वाळूचे कण जिओफोनवर आपटतात, झुडपं हलतात आणि त्यांची मुळं जमीन हलवतात. म्हणून जिओफोन वर न ठेवता वाळूत पुरतात. शक्यतो ओलसर वाळू लागेपर्यंत खणून त्याचा खिळा घट्ट बसवतात. खिळा सैल बसला तर जिओफोन जमिनीचं न ऐकता स्वतःचंच थरथरणं नोंदवतो.

धक्का द्यायचा कसा?

दोन मार्ग. पहिला सुरुंगाचा. भोक पाडायचं, तळाशी स्फोटक ठेवायचं, वर माती भरायची आणि उडवायचं. स्फोट वाळूच्या खाली, घट्ट थरात झाला तर निम्मी वाळू टळते, कारण लहरीला ती फक्त परतताना लागते. फायदा मोठा. पण सुट्या वाळूत भोक पाडणं म्हणजे साखरेच्या डब्यात बोट घालून भोक करणं. बोट काढलं की साखर आत. भोकाच्या भिंती टिकाव्यात म्हणून चिकणमातीचा राबडा ओततात किंवा नळी घालतात. राबड्याला पाणी लागतं, आणि ते टँकरने आणावं लागतं. जिथे बाया-माणसं डोक्यावरून पाणी आणतात तिथे हजारो भोकांसाठी पाणी जमिनीत ओतायचं, हा प्रश्न फक्त खर्चाचा राहत नाही. शिवाय स्फोटकं म्हटली की परवाने, कोठारं, पहारा हे सगळं आलं. देशातल्या औद्योगिक स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, हे जाता-जाता सांगून ठेवतो.

दुसरा मार्ग कंपनयंत्राचा. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कोनोको कंपनीत ही पद्धत जन्माला आली. पंचवीस-तीस टनांचा ट्रक, त्याच्या पोटाखाली एक लोखंडी पाट. ट्रक आपलं वजन पाटावर टाकतो आणि दहा-वीस सेकंद जमीन हलवत राहतो, आधी संथ, मग जलद. सेकंदाला ६-८ कंपनांपासून ८० किंवा त्याहून वरपर्यंत. एका दणक्यात देण्याऐवजी तीच ऊर्जा हप्त्याहप्त्याने द्यायची. नोंद झालेल्या गुंतागुंतीत आपण दिलेला सूर कुठे-कुठे परत ऐकू येतो ते संगणक शोधून काढतो.

सपाट, टणक वाळवंटात हे यंत्र राजासारखं चालतं. सुट्या वाळूत पाट रुततो. बरीच ताकद वाळू दाबण्यातच जाते आणि दिलेला सूरही बेसूर होतो. ट्रकला धोऱ्यावर चढवायला बुलडोझरने वाट काढावी लागते. आडोशाच्या तीव्र बाजूवर तर चढणं नाहीच. मग आखलेली सरळ रेषा सोडून वळसा घ्यावा लागतो आणि रेषेत भोकं राहतात. अशा ठिकाणी दोन्ही मार्ग मिळून वापरतात. सपाटीवर कंपनयंत्र, धोऱ्यावर सुरुंग.

यंत्रांपलीकडचं वाळवंट

१९ मे २०१६ रोजी फलोदीला ५१ अंश सेल्सिअसची नोंद झाली. वाळूचा पृष्ठभाग हवेपेक्षाही तापतो. त्या वाळूत दिवसाला काही किलोमीटर चालत, खणत, जिओफोन रोवत जाणारी माणसं असतात. म्हणून इथे कामाचा हंगाम मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळा सुरू झाला की पहाटे काम, दुपारी थांबा. आंधी आली की केबल वाळूखाली गाडली जाते आणि दुसऱ्या दिवशी निम्मा वेळ ती शोधण्यात जातो. वाळवंटातले उंदीर केबलची आवरणं कुरतडतात, शेळ्या-उंटांचे पाय त्यात अडकतात. गेल्या काही वर्षांत बिनतारी, बॅटरीवर चालणारी सुटी नोंदयंत्रं आल्यापासून हा त्रास बराच कमी झाला.

वाळवंट म्हणजे ओसाड, असं आपण धरून चालतो. थर हे दाट वस्तीच्या वाळवंटांत गणलं जातं. धोऱ्यांच्या मध्ये ढाण्या आहेत, बाजरीची शेतं आहेत. घराजवळ ‘टांका’ असतो, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं जमिनीतलं कुंड. त्याला तडा गेला तर त्या घराचं वर्षाचं पाणी गेलं. म्हणून टांके, विहिरी, घरं यांच्यापासून अंतर सोडूनच धक्का द्यावा लागतो आणि कंपनं किती पोहोचतात ते मोजावं लागतं. गावांनी देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’ नावाची राखीव रानं आहेत. तिथली खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण तिची आठवण काढतो. इथे १७३० मध्ये खेजडली गावात ही झाडं वाचवताना ३६३ बिष्णोई माणसांनी प्राण दिल्याची स्मृती जपली जाते. रेषा सरळ जावी म्हणून खेजडी तोडायची, हे इथे कोणी सहज मान्य करणार नाही, आणि करूही नये. जैसलमेर-बाडमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये माळढोकाचा शेवटचा मोठा आसरा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला हा पक्षी कधी सहज दिसायचा, हे आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. शिवाय पश्चिमेला आंतरराष्ट्रीय सीमा. तिथे लष्कर आणि सीमा सुरक्षा दलाच्या परवानगीशिवाय खुंटीसुद्धा ठोकता येत नाही.

या प्रत्येक कारणामुळे रेषेत भोक राहतं. आणि भोक राहिलं की तिथलं चित्र शेजारच्या नोंदींवरून अंदाजाने भरावं लागतं. चांगला सर्वेक्षक ही भोकं आधीच नकाशावर मांडतो आणि धक्क्यांच्या जागा अशा बदलतो की खालचा कोणताही भाग पूर्ण आंधळा राहू नये.

एवढा खटाटोप कशासाठी?

बाडमेरच्या ज्या पट्ट्यात पुढे तेल सापडलं, त्याचा शोधकरार १९९५ मध्ये झाला. जानेवारी २००४ मध्ये केर्न कंपनीला तिथे ‘मंगला’ हे क्षेत्र सापडलं. दोन दशकांहून जास्त काळात भारतात जमिनीवर सापडलेलं ते सर्वांत मोठं तेलक्षेत्र. त्याच वर्षी ‘भाग्यम’ आणि ‘ऐश्वर्या’ही सापडली. ऑगस्ट २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं. तेल इतकं मेणचट की गार झालं तर गोठतं, म्हणून ते गुजरातकडे न्यायला सुमारे ६७० किलोमीटरची गरम ठेवलेली पाइपलाइन टाकावी लागली. तिकडे जैसलमेरच्या बाजूला ओएनजीसी आणि ऑइल इंडिया यांना नैसर्गिक वायू सापडला आहे. त्यावर रामगढचं वीजकेंद्र चालतं.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या न तपासलेल्या खोऱ्यांसाठी सुमारे ४८ हजार किलोमीटर लांबीच्या सर्वेक्षण-रेषांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. म्हणजे ज्या अडचणी आज पाहिल्या त्या जुन्या झालेल्या नाहीत, त्या रोज कुठेतरी कोणीतरी सोडवत आहे. आणि हे तंत्र फक्त तेलाचं नाही. खोल भूजलाचे थर शोधायलाही हेच प्रतिध्वनी कामी येतात. वाळवंटात ती गोष्ट तेलाहून कमी मोलाची म्हणता येणार नाही.

दख्खनचं उलट कोडं

शेवटी एक गंमत. थरमध्ये मंद वाळू वर आणि वेगवान खडक खाली. आपल्याकडे दख्खनमध्ये याच्या उलट. वर काळा बेसाल्ट, त्यात वेग पाच-सहा हजार मीटर, आणि काही भागांत त्याच्याखाली गाळाचे मंद खडक. वाळू लहर गिळते, बेसाल्ट तिला दारातूनच परत पाठवतो. एकाकडे गादी, दुसऱ्याकडे बंद दार. दोन्हीकडे खालचं चित्र धूसर, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : अडीच किलोमीटर खोलीचं चित्र खरं की खोटं, हे बऱ्याचदा वरचे चाळीस मीटर ठरवतात. त्यामुळे थरमधला अनुभवी सर्वेक्षक नकाशावर सुंदर घुमट दिसला की आधी खूश होत नाही. तो त्या जागेवर वर धोरा आहे की सपाटी, हे बघतो. घुमटाची कड आणि धोऱ्याची कड एकावर एक बसत असेल, तर तो विहिरीऐवजी आधी वाळू मोजायचं आणखी एक भोक पाडायला सांगतो. ते भोक विहिरीच्या मानाने फार स्वस्त असतं.

तुमचे प्रश्न जरूर पाठवा. पुढच्या भागात बेसाल्टच्या त्या बंद दारामागे डोकवायचा प्रयत्न करू. तोवर, नमस्कार.